जास्वंदीवर पांढरा कापूस. २०० रुपयांत काय करता येईल?

कुंडीवाली: १२ इंची कुंडी, पूर्वेची बाल्कनी. कळ्यांच्या देठाशी आणि पानांच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखी कीड, पिठ्या ढेकूण. शेंडे आखडलेत, पानं चिकट. खेटूनच कढीलिंब आहे, रोज फोडणीत पडतो. बजेट २००.

गच्चीकर: इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, रासायनिक कीटकनाशक, लिटरला अर्धा मिली. विषय संपला. पंप मात्र प्रेशरचाच घ्या, चारपाचशे गेले तरी चालतील.

निंबोणी: अहो, कढीलिंब खातात त्या! शिवाय इमिडा झाडाच्या रसात उतरतं, फुलावर आलेल्या मधमाशीलाही बाधतं. कडुनिंबाचं तेल घ्या. ५ मिली तेल आधी २ मिली लिक्विड साबणात घोटा, दुधाळ झालं की लिटरभर कोमट पाण्यात. नुसतं पाण्यात ओतलं तर तेल वर तरंगतं आणि जिथे पडेल तिथलं पान जळतं. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. ७ दिवसांनी पुन्हा, असं ३ वेळा, कारण कापसातली अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत.

गच्चीकर: आणि त्या वासाने शेजारी भांडायला येतात.

पानफुटी: ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीने. पांढरं वितळून खालचा करडा-गुलाबी किडा उघडा पडला की समजा लागलं. जेड प्लांटवर नको, पानांवरचा मेणाचा थर जातो.

हिरवा_चहा: कडुनिंबाचं तेल मारा.

निंबोणी: वर वाचा की!

खुरपं: बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, फिल्टरचं घ्या. आणि मुंग्यांचं कोणीच बोललं नाही. त्या चिकट्यासाठी ढेकणांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात. ताटलीत पाणी, त्यात वीट, विटेवर कुंडी. एक जरी फांदी कठड्याला टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो. कीड मारणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीच्या मोहात पडू नका, तिला दमट हवा लागते, उन्हाळ्यात पैसे पाण्यात. पेंड घालत असाल तर महिनाभर बंद. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि ढेकूण तिथेच बसतात.

कुंडीवाली: सगळ्यांचे आभार. कळ्यांसकट छाटली, वीतभर खोड ठेवलं. छाटण पिशवीत बांधून कचऱ्यात. खोडाला जुना टूथब्रश, रोज सकाळी पाण्याची धार. फवारणी नाहीच. खर्च शून्य.

गच्चीकर: इमिडा मारलं असतं तर फुलं राहिली असती.

निंबोणी: कढीलिंबाची पानं उलटून बघितलीत का पण?