आशाताईंच्या हाती जेंटामायसिन द्यावे का?

मूळ धागा
गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया बाळाचे वजन करीत, त्याला उबेत ठेवायला शिकवीत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसूनही पालक रुग्णालयात जायला तयार नसतील, तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने देत. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा इथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही सेवा देशभर लागू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताईंच्या सहा गृहभेटी ठरल्या, पण इंजेक्शन वगळले. माझ्या मते गाभाच गळाला.

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)
मी असहमत आहे. त्या प्रयोगात निवड, प्रशिक्षण आणि सततची देखरेख अतिशय काटेकोर होती. लाखो आशांच्या बाबतीत ती शक्य नाही. अडीच किलोच्या बाळाला मात्रा चुकली तर मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती दोन्ही धोक्यात येतात. शिवाय आमच्या कक्षात येणाऱ्या कित्येक बाळांवर साधी प्रतिजैविके आधीच निष्प्रभ ठरलेली असतात. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि १०८ रुग्णवाहिका आहे. तेव्हा बाळ वेळेत पोहोचवण्यावरच भर हवा.

प्रतिसाद २ (धागालेखिका)
डॉक्टर, देखरेखीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तीही संशोधनाचाच भाग होती आणि तीच सर्वांत आधी कापली गेली. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, तिथे रुग्णवाहिका कुठून येणार? जंतुदोष झालेल्या बाळाजवळ पूर ओसरेपर्यंतचा वेळ नसतो. आणि दवाखान्यात जन्मलेले बाळही दोन-तीन दिवसांत घरीच येते.

प्रतिसाद ३ (उपकेंद्रातील परिचारिका)
२०१४ पासून विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा आम्हा एएनएमना (उपकेंद्रातील परिचारिकांना) आहे, हे इथे कोणी लिहिले नाही. मात्र आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे तीन हजार लोकसंख्या धरतात आणि ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असते. मी पोहोचेपर्यंत रात्र उलटते.

प्रतिसाद ४ (बालरोगतज्ज्ञ)
ताई, अशा दुर्गम पाड्यांपुरते, पहिली मात्रा आशाताईंनी द्यावी आणि त्याच वेळी फोनवर वैद्यकीय अधिकारी असावा, एवढे मी मान्य करीन. सरसकट परवानगीला माझा विरोध कायम आहे.