एक पाईल ४ मिमी बसली, मग १६ पाईलचा ग्रुप किती बसेल?

साईटवरचा_नवखा: नमस्कार मंडळी. साईट खाडीकिनारी, सगळी वाळू. ५०० मिमी डायाच्या बोअर पाईल (जमिनीत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब), १५ मीटर खोल, दीड मीटर अंतराने ४ बाय ४ म्हणजे एका कॅपखाली (पाईलची डोकी जोडणारा काँक्रीटचा ठोकळा) १६. परवा एका पाईलवर लोड ठेवून रुटीन टेस्ट झाली, ६० टनाला डायल गेज ४ मिमी दाखवत होते, ९० टनाला (दीडपट लोड) पण १२ मिमीच्या मर्यादेच्या बरेच आत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्रत्येक पाईलवर ६० टनच येणार ना, मग ग्रुपही ४ च बसणार. मला पटत नाहीये पण भांडायला हातात आकडा नाही.

रेतीकाका: पटू देऊ पण नकोस. एकट्या पाईलच्या टोकाखाली ताण जेमतेम मीटर-दीड मीटर जातो, १६ जणी एकत्र दाबायला लागल्या की सगळ्यांचे ताण एकमेकांत मिसळतात आणि ५ मीटर रुंदीचं फुटिंग खोलवर ठेवल्यासारखं होतं, मग खालची बरीच जास्त वाळू दबते. आता आकडे घे. व्हेसिक नावाच्या संशोधकाच्या सूत्राने ग्रुप एकट्या पाईलच्या किती पट बसेल ते म्हणजे ग्रुपची रुंदी भागिले डाया, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ५ भागिले अर्धा, १० चं मूळ ३.१६, तुझे ४ चे झाले १२-१३ मिमी. स्केम्प्टनच्या १९५३ च्या सूत्राने जवळपास ७ पट येतात, म्हणजे २८. टोकाखाली एन (एसपीटी चाचणीतले ठोके, वाळू किती घट्ट ते सांगणारे) किती आहे?

साईटवरचा_नवखा: करेक्टेड २५ च्या आसपास काका. पण १३ आणि २८ मध्ये केवढा फरक आहे, धरायचं कुठलं?

रेतीकाका: मायरहॉफच्या एन वापरणाऱ्या सूत्राने बघितलं तर २० च्या आसपास येतंय. मी १५ ते २५ धरून शेजारच्या कॅपशी फरक किती पडतो ते तपासेन, बिल्डिंगला खरा त्रास त्या फरकाचा. स्केम्प्टनकडे मोजलेल्या केसेस थोड्याच होत्या, तो जरा जास्तच घाबरवतो.

पाया_पक्का: अजून एक, कोणी म्हणेल वाळूत ग्रुप एफिशियन्सी (ग्रुपची ताकद भागिले सुट्या पाईलच्या ताकदीची बेरीज) १ च्या वर जाते. जाते, पण ती ठोकलेल्या पाईलची गोष्ट, सैल वाळू ठोकून घट्ट होते म्हणून, आणि ती कपॅसिटीची बाब आहे, सेटलमेंटची (किती बसेल त्याची) नाही. बोअरमध्ये उलट वाळू सैल होते, त्यात तळाचा गाळ नीट फ्लश केला नाही तर एखादीच पाईल जास्त बसते. आणि बोअर लॉग (भोक पाडून घेतलेली थरांची नोंद) किती खोल आहे रे?

साईटवरचा_नवखा: २० मीटर. तिथपर्यंत वाळूच.

पाया_पक्का: म्हणजे टोकाखाली फक्त ५ मीटर बघितलंत! ग्रुपच्या रुंदीच्या दीड-दोन पट तरी खाली जायला हवं, एक बोअर २५ च्या पुढे मारून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर वाच, ५८ मजली, साडेनऊशेच्या आसपास पाईल घट्ट वाळूत ठोकलेल्या, पण वाळूखाली जुनी चिकणमाती होती. २००९ ला बांधून झाला, २०१६ पर्यंत १६ इंच बसला आणि शिवाय कललाही. शेवटी दोन बाजूंनी १८ नव्या पाईल खडकापर्यंत न्याव्या लागल्या.

रेतीकाका: आणि प्लिंथलाच कॉलमवर लेव्हलचे पॉइंट लावून घे, प्रत्येक स्लॅबनंतर रीडिंग. नुसती वाळू असेल तर लोड येईल तसं बहुतेक बसून मोकळं होतं. लोड थांबल्यावरही महिनोन्महिने आकडा सरकत राहिला तर समज खाली माती आहे.