मदत हवी आहे: जर्मन बिल्ल्यामागचा शिक्का कोणाचा?

मंडळी, माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, त्यांच्या ट्रंकेत एक जर्मन बिल्ला सापडलाय. काळा, अंडाकृती, मधे हेल्मेट आणि त्याच्यामागे फुलीसारख्या दोन तलवारी, म्हणजे जखमी सैनिकांना द्यायचे तो १९३९ चा बॅज, काळा म्हणजे एक-दोन जखमांचा (तीन-चारला चांदीचा, पाच किंवा जास्तला सोनेरी). चुंबक चिकटतो, मागून पोकळ आहे, काळा रंग कडेला उडालाय.

आता अडलंय ते शिक्क्यावर, म्हणजे बॅज बनवणाऱ्या कंपनीच्या खुणेवर. नुसता आकडा असता तर सोपं होतं, ६५ म्हणजे क्लाइन उंट क्वेन्त्सर, ४ म्हणजे श्टाइनहाउअर उंट ल्यूक, आणि एल लावून आकडा असेल तर तो दुकानात विकायचा माल. पण इथे पिनेच्या अगदी मुळाशी बारीक गोलात दोन अक्षरं आहेत, पहिलं डब्ल्यू नक्की, दुसरं झिजलंय, भिंगातून कधी एच वाटतं कधी एन. असा गोलातला शिक्का कोणी पाहिलाय का? घासून साफ करायचं धाडस होत नाहीये, आजोबांनी जसा ठेवला तसाच राहू दे असं वाटतं, तर न घासता अक्षर वाचायची काही युक्ती असेल तर तीही सांगा प्लीज.