पॉडकास्टवर जुन्या कथा वाचायला परवानगी लागते का?

मी नि मैत्रीण मराठी कथावाचनाचा पॉडकास्ट काढतोय, कपाटात गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करतो आवाज एकदम स्वच्छ येतो, पण जुन्या कथा अशाच वाचल्या तर चालतं का? श्रेय देणारच आहोत.

» नुसतं श्रेय देऊन भागत नाही हो. लेखक गेला की त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं बिनधास्त वाचा. पुलं २००० ला गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत लेखी परवानगी.

» आणि सुरुवातीला सिनेमाचं गाणं नको, दहा सेकंद चालतात वगैरे सगळ्या थापा.

» पॉडकास्टचं नाव ट्रेडमार्कच्या क्लास ४१ मध्ये (शिक्षण-करमणुकीचा वर्ग) शोधून बघा आधी, कुणी घेतलेलं नाही ना. बाकी ग्रुपवर नुसती लिंक टाकली तर कोण उघडतंय, मिनिटभराचा चटकदार तुकडा रीलवर टाका.

» फीड (ज्या लिंकवरून भाग सगळ्या अ‍ॅपवर जातात ती) कुणाच्या ईमेलवर ते मैत्रिणीशी आत्ताच ठरवा!