मदत हवी आहे: गटाच्या भातगिरणीत कणी फार पडते

नमस्कार. कृषी विकास कार्यक्रमातून आमच्या महिला गटाला रबर रोलरची छोटी भातगिरणी मिळाली आहे. पण दाणा फार तुटतो आणि अख्ख्या तांदळाचा भाव हातचा जातो. भरडण्याआधी भाताचा ओलावा साधारण १४ टक्के हवा, हे ठाऊक आहे. कडक उन्हात भरभर वाळवलं की दाण्याला चिरा जातात, हेही. ओलावामापक नसताना अंदाज कसा घेता? उकडा केला तर कणी कमी पडते, पण भिजवणं-वाफवणं पुन्हा बायकांच्याच अंगावर. त्या कामाची मजुरी हिशेबात कोणी धरता का?

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: यंत्र आणि दुरुस्ती पुरुषांकडे, पाखडणं-निवडणं आमच्याकडे, ही वाटणी तुमच्या गटाने कशी मोडली? कृपया सविस्तर सांगा.