प्रतिसाद: यादी आणि दार

जुगाराची सवय सुटत नाही म्हणून आपणहून यादीत नाव नोंदवून कॅसिनोत (जुगारगृहात) स्वतःला प्रवेशबंदी करून घेण्याची योजना हा निव्वळ कागदी उपचार आहे, असे मत मांडले गेले आहे; ते मला मान्य नाही. मात्र ती अनेकदा कागदावरच का राहते, हे मिसुरी राज्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अमेरिकेत अशी राज्यस्तरीय यादी मिसुरीने १९९६ मध्ये सर्वप्रथम सुरू केली. यादीतील व्यक्ती कॅसिनोत आढळल्यास तिच्यावर अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्या काळी दोन तासांच्या सत्रात ५०० डॉलरपर्यंतच्या तोट्याची मर्यादा होती, आणि ती पाळली जावी म्हणून प्रत्येक खेळणाऱ्याचे ओळखपत्र तपासले जाई; साहजिकच यादीतले नाव दारातच लक्षात येई. २००८ च्या सार्वमताने ही मर्यादा रद्द झाली आणि तिच्याबरोबर सरसकट ओळख तपासणीही गेली, हे मला फार मोठे नुकसान वाटते.

त्यानंतर बहुतेकदा मोठी रक्कम जिंकल्यावर, म्हणजे कराच्या कागदपत्रांसाठी ओळखपत्र मागितले जाते तेव्हाच, बंदी उघड होते. हरणाऱ्याला मात्र कोणीच अडवत नाही. म्हणून बंदीचा कालावधी किती असावा यापेक्षा दारावरची तपासणी सक्तीची करावी, अशी मागणी आपण आधी लावून धरली पाहिजे.