मुलीने टॅबलेट उशीखाली लपवला, आता काय करावे?

प्रश्न:
माझी मुलगी सात वर्षांची आहे. परवा मी खोलीत शिरताच तिने घाईघाईने टॅबलेट उशीखाली सरकवला. काढून पाहिले, तर तिच्या आवडत्या कार्टूनमधली पात्रे एकमेकांना भल्यामोठ्या सुया टोचत असलेला एक विचित्र व्हिडिओ चालू होता. तिने तो शोधलेला नव्हता. एक संपला की दुसरा आपोआप लागतो, त्या ओघात ती तिथवर पोहोचली होती. मी मात्र रागावले आणि तेव्हापासून ती टॅबलेटबद्दल चकार शब्द काढत नाही. टॅबलेट काढूनच घ्यावा का?

प्रतिसाद १:
काढून घेऊ नका, आधी ॲप बदला. नेहमीच्या यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स वापरा, परंतु तेही नुसते बसवून भागत नाही, कारण त्यातली निवड बरीचशी यंत्रच करते आणि नको ते कधीमधी निसटून आत येते. त्यात पालकांनी स्वतः निवडलेलेच व्हिडिओ आणि वाहिन्या दिसतील अशी सोय आहे; ती सुरू केली की शोधण्याची सोय बंद होते. निवड करण्यात एक संध्याकाळ जाते, ती जाऊ द्यावी. आपोआप पुढचा व्हिडिओ लागणेही बंद करा.

प्रतिसाद २:
राउटरमध्ये डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता १.१.१.३ असा भरल्यास घरच्या वायफायवर प्रौढांसाठीची आणि घातक संकेतस्थळे बहुतांशी उघडत नाहीत. मात्र यूट्यूबच्या आत काय चालले आहे हे त्याला कळत नाही आणि मोबाइल डेटावर त्याचा उपयोग नाही. खाते उघडताना वयही खरेच घाला. अनेक सेवा १३ वर्षांची अट घालतात, ती मुख्यतः १९९८ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे. आपण वय वाढवून सांगितले, तर लहान मुलांसाठी असलेली बंधने त्या खात्याला लागूच होत नाहीत.

प्रतिसाद ३:
वरचे सर्व योग्यच आहे, पण मला काळजी वाटते ती उशीची. तिने व्हिडिओ लपवला नाही, तुमचा राग चुकवला. तिच्याशेजारी बसून, रागावल्याबद्दल वाईट वाटते असे सरळ सांगा आणि काही विचित्र दिसले व ते तिने येऊन सांगितले, तर टॅबलेट काढून घेतला जाणार नाही, असा शब्द द्या. तो पाळावा लागेल, हे ओघाने आलेच. टॅबलेट चार्जिंगला बैठकीच्या खोलीतच लावा, म्हणजे झोपण्याच्या खोलीत तो जाणारच नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. काल तिच्याशी बोलले. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “त्याच्या आधीचा पण तसलाच होता, पण तेव्हा मी डोळे मिटले होते.” आज संध्याकाळी दोघी मिळून वाहिन्या निवडणार आहोत.